हायडेलबर्गला अर्धा दिवस पुरतो का? आसपास काय पाहावं?

मोगरा

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन फ्रँकफर्टला भावाकडे जातेय. भावाला रजा नाही, त्यामुळे पाच दिवस आम्ही तिघंच फिरणार आहोत. तो म्हणतो, "हायडेलबर्ग सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परत येण्यासारखं आहे. किल्ला बघायचा, पूल बघायचा, झालं." एका टूरवाल्यांच्या पत्रकातही हायडेलबर्गला अडीच तासच दिलेत.

पण बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गेला महिनाभर रोज संध्याकाळी नकाशा उघडून बसतात. वहीत किल्ल्याच्या सनावळ्या लिहून काढल्यात. त्यांना अडीच तासांत तिथून ओढून आणायचं माझ्या जिवावर येतंय. बाबांचं वय ७२, गुडघे दुखतात. आई ६७ वर्षांची, अंडंही खात नाही.

तर, तिथे मुक्काम करावा का? केला तर किती दिवस? गुडघेदुखीच्या माणसाला किल्ला झेपेल का? आणि आईला काय खाऊ घालू?

नेकारकाठी

मुक्काम करा. शक्य असेल तर तीन रात्री.

मी गेली नऊ वर्षं वाल्डोर्फजवळ राहतो. या भागात आयटीमुळे मराठी घरं बरीच आहेत, त्यामुळे पाहुणे आले की हायडेलबर्ग दाखवायचं काम प्रत्येकाकडे येतंच. अनुभवावरून सांगतो, सकाळी साडेदहा ते दुपारी चार या वेळात ते गाव खरं दिसतच नाही. बसगाड्या येतात आणि जुना पूल माणसांनी भरून जातो. साडेचार-पाचला बस गेल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांचं आणि विद्यार्थ्यांचं होतं. नदीकाठच्या हिरवळीवर मुलं पुस्तकं घेऊन पडलेली असतात. ऊन उतरतं तसा किल्ल्याचा तांबडा दगड आणखी लाल होत जातो. तो दगड तिथलाच, नेकार नदीच्या खोऱ्यातला वालुकाश्म. पूल, चर्च, किल्ला, सगळं त्याचंच.

गुडघ्यांची काळजी नको. कॉर्नमार्क्ट चौकापासून किल्ल्यापर्यंत डोंगररेल्वे आहे, १८९०ची. किल्ल्याच्या तिकिटातच तिचं भाडं धरलेलं असतं. पायऱ्यांच्या वाटेने अजिबात जाऊ नका. वर अंगणात गोटे बसवलेले आहेत, तेवढं सांभाळून चालावं लागेल. बाबांना जाड तळव्याचे बूट घ्या.

चकली

आईंच्या खाण्याचं मी सांगते. जेवणघरात 'केझेश्पेट्झले' मागा. आपल्या शेवयांपेक्षा जाड, आखूड असा ओल्या पिठाचा प्रकार, वर चीज आणि तळलेला कांदा. पण त्या पिठात अंडं असतं, म्हणजे आईंना चालणार नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण तिथे 'शाकाहारी' म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात. 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय, हे दोन शब्द पाठ करा.

त्यांच्या सोयीचा मे महिना म्हणजे श्पार्गेलचा हंगाम. पांढरं ॲस्परॅगस, आपल्या शतावरीच्याच कुळातलं. मातीचे उंच वाफे करून कोंब जमिनीखालीच वाढवतात. ऊन लागत नाही म्हणून पांढरे राहतात. श्वेत्सिंगेन हे त्याचं माहेर, हायडेलबर्गपासून अगदी जवळ. २४ जूनला काढणी थांबते, मग वर्षभर नाही. उकडलेले कोंब, बटाटे आणि वितळलेलं लोणी असं मागितलंत तर आईंना पोटभर जेवण होईल. पिवळं घट्ट सॉस मात्र नको म्हणा, त्यात अंड्याचा बलक असतो.

शंकासुर

शतावरी म्हणजे जर्मन लोक वसंतात कल्प घेतात म्हणायचे!

चकली

@शंकासुर, आणि तोही लोण्यात बुडवून. वैद्यबुवा खूश.

अजून एक राहिलं. 'माउलटाशन' नावाची मोठी करंजी मिळते. आत पालक दिसला तरी फसू नका, बहुतेक वेळा मांस असतं. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं, अशी तिची गोष्ट त्या भागात सांगतात आणि माउलब्रोनच्या मठातल्या साधूंवर तिचं श्रेय ढकलतात. तो मठ युनेस्कोच्या यादीत आहे. वेळ असेल तर जरूर बघा.

दख्खनचा_वारा

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो.

तुमच्या भावाचं चूक नाही. मी दोनदा गेलो. मुख्य रस्ता सरळ दीड किलोमीटरचा आणि दोन्ही बाजूंना जगात कुठेही दिसतील अशीच कपड्यांची दुकानं. किल्ल्यात आतल्या दालनांसाठी वेगळी मार्गदर्शित फेरी घ्यावी लागते, ती नाही घेतली तर अंगण, वाइनचं पिंप आणि औषधांचं संग्रहालय एवढंच. दोन तासांत झालं. खरं जुनं जर्मन गाव पाहायचं तर नेकारच्या वरच्या अंगाला बाट विम्पफेनला जा. श्टाउफर सम्राटांच्या काळातल्या राजवाड्याचे अवशेष, निळा बुरूज, लाकडी चौकटींची घरं, आणि रस्त्यावर तुम्ही आणि चार मांजरं. इतिहासाच्या शिक्षकांना ते जास्त भावेल.

नेकारकाठी

विम्पफेन सुंदर आहे, वादच नाही. पण @दख्खनचा_वारा, मुख्य रस्त्यावरून गावाची परीक्षा करू नका. त्याला समांतर उंटरे श्ट्रासेने चालून पाहा, किंवा होली गोस्ट चर्चच्या मागच्या बोळांतून. आणि मुख्य रस्त्यावरच रिटर नावाचं घर आहे, १५९२चं. १६९३च्या आगीत आजूबाजूचं सगळं गाव जळालं, हे दगडी घर उभं राहिलं. बाकीचं जे 'जुनं' गाव आपण बघतो ते बहुतेक त्यानंतरचं, जुन्याच रस्त्यांच्या आखणीवर नव्याने बांधलेलं. हे कळल्यावर तो रस्ता वेगळा दिसतो.

गडवाट

वाचतोय. मीही मागच्या वर्षी जाऊन आलो. मला एक गोष्ट तेव्हापासून सलते.

एवढा श्रीमंत देश. एवढी तंत्रं हाताशी. आणि किल्ला पडकाच ठेवलाय! ओट्टहाइनरिशच्या महालाची पुढची भिंत अप्रतिम, कोरीव पुतळे, आणि खिडक्यांतून मागे आभाळ दिसतं. मला रायगडावर जगदीश्वराकडून बाजारपेठेकडे येताना जे वाटतं तेच तिथे वाटलं. यांना छप्पर घालता येत नव्हतं का? आपल्याकडे पैसा नव्हता, सत्ता नव्हती, म्हणून गड पडले. यांना काय अडचण होती?

सदाशिवकाका

गडवाट, तुझा प्रश्न फार मोलाचा आहे. नेमक्या याच प्रश्नावर तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी मोठं वादंग झालं. मी १९८४ साली शिष्यवृत्तीवर त्या विद्यापीठात दोन सत्रं होतो. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तो पडला कसा. १६८५ साली पॅलॅटिनेटच्या, म्हणजे हायडेलबर्ग राजधानी असलेल्या संस्थानाच्या, राजघराण्याची एक शाखा निपुत्रिक संपली. त्या घरची मुलगी लिसेलोट ही फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाला दिलेली. तिचा वारसाहक्क पुढे करून लुईने १६८८ साली फौजा घातल्या. तिला स्वतःला हे अजिबात नको होतं, तिच्या पत्रांतून ते दुःख दिसतं. २ मार्च १६८९ रोजी फ्रेंचांनी जाता जाता किल्ला आणि गाव पेटवलं. १६९३ साली परत आले आणि उरलेलं सुरुंगांनी उडवलं. पूर्वेच्या बुरुजाची साडेसहा मीटर जाडीची भिंत अख्खी निसटून खंदकात टेकली. ती आजही तशीच आहे. हा बुरूज बघितल्याशिवाय कोणी परतू नये.

मोगराताईंच्या बाबांनी सनावळ्या लिहिल्या आहेत, त्यांच्या लक्षात आलंच असेल. १६८९चा मार्च. त्याच महिन्यात इकडे संभाजी महाराजांना मारलं आणि त्याच वर्षाअखेर रायगड पडला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण मी त्या अंगणात उभा असताना ही तारीख फलकावर वाचली आणि पाय तिथेच थबकले.

पुढे राजधानी मानहाइमला हलली. १७६४ साली राजा कार्ल थेओडोर किल्ल्यात परत राहायला यायच्या बेतात होता, तर जूनमध्ये वीज पडून दुरुस्त केलेला भागही जळाला. त्याने ती देवाची खूण मानली आणि नाद सोडला. मग गावकरी घरं बांधायला किल्ल्याचे दगड नेऊ लागले. आपल्याकडच्या गडांखालच्या वाड्या आठवा.

आणि त्याला वाचवलं कोणी? एका फ्रेंच माणसाने. क्रांतीत देशोधडीला लागलेल्या घराण्यातला सरदार, शार्ल द ग्रेम्बेर्ग. १८१० साली निसर्गचित्रं काढायला म्हणून आला तो मरेपर्यंत, म्हणजे १८६४पर्यंत, गेलाच नाही. पदरमोड करून राखणदारी केली, दगड नेणाऱ्यांना अडवलं, चित्रं काढून ती छापून सगळ्या युरोपात पोचवली. त्याच्या संग्रहावर आजचं गावातलं पॅलॅटिनेट संग्रहालय उभं आहे.

छपराच्या वादाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. हात दुखायला लागला.

धुकं

काका, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! तुमच्यासारखे लोक लिहितात म्हणून धागे उघडून बसते.

शंकासुर

ज्यांनी पाडला त्यांच्यातल्याच एकाने राखला. एवढं एक वाक्य घेऊन आज झोपायला जातो.

प्रवासिनी

काकांचा पुढचा भाग येईपर्यंत गाडीचं सांगून घेते. जर्मनीत २०२३च्या मे महिन्यापासून महिन्याचा एकच पास निघालाय, डॉइचलांड-टिकेट. सुरुवातीला ४९ युरो होता, आता वाढलाय. स्थानिक गाड्या, ट्राम, बस, सगळं त्यात. वेगवान आयसीई चालत नाही. लक्षात ठेवा, तो पास म्हणजे चालू वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. माझ्या सासऱ्यांचे गेलेत.

रविवारी दुकानं बंद. तुमच्या आठवड्यात असेन्शनचा गुरुवार येतोय का तेही बघा, ईस्टरचा रविवार धरून चाळिसाव्या दिवशी असतो. त्या दिवशीही सगळं बंद. आदल्या संध्याकाळी दूध, दही, फळं आणून ठेवा. आणि पाण्याच्या बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतलेली असते, दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. माझ्या लेकाने चार दिवसांत आइस्क्रीमचे पैसे जमवले.

सदाशिवकाका

तर छप्पर.

१८७१ला जर्मनी एक झाल्यावर किल्ला पुन्हा उभारावा अशी हाक सुरू झाली. शत्रूने पाडलेलं आपण उभारू, ही भावना. १८८३ साली खास कचेरी काढून एकेक दगड मोजला, रेखाटला. मग १८९१च्या सुमारास तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की पूर्ण पुनर्बांधणी शक्य नाही, आहे ते जपणं शक्य आहे. तरी कार्ल शेफर या वास्तुविशारदाने १८९७ ते १९०० या काळात फ्रीडरिशचा महाल नव्याने सजवला. आत आज ज्या दालनांतून फेरी नेतात, ती सजावट त्या वेळची. पुढचा नंबर ओट्टहाइनरिशच्या महालाचा होता.

तेव्हा गेओर्ग डेहिओ हा कलेतिहासकार उभा राहिला. १९०१ साली त्याने पत्रक काढून विचारलं, हायडेलबर्गच्या किल्ल्याचं होणार काय? त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जपा, नव्याने घडवू नका. जे हरवलं ते कसं होतं हे आपल्याला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते बांधलं तर खऱ्या दगडाशेजारी आपली कल्पना उभी राहील आणि शंभर वर्षांनी कोणाला दोन्हींतला फरक कळणार नाही. वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी ओट्टहाइनरिशला छप्पर घातलं नाही.

म्हणून गडवाट, त्या अंगणात मधोमध उभं राहायचं. एका बाजूला सजवलेला फ्रीडरिश, दुसऱ्या बाजूला उघडा ओट्टहाइनरिश. वादाचे दोन्ही पक्ष समोरासमोर उभे आहेत. जगभरच्या वास्तुजतनाच्या विचारावर त्या भांडणाचा ठसा आहे.

गडवाट

काका, साष्टांग नमस्कार. हे मला तिथे कोणी सांगितलं नाही.

तरीही माझं समाधान झालेलं नाही, प्रामाणिकपणे लिहितो. त्यांच्याकडे त्या काळची पुष्कळ चित्रं, आराखडे आहेत. आमच्याकडे १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून रायगड जाळला, त्यात वाडे, कागद, सगळं गेलं. मी दर वर्षी गडावर मुलांना नेतो. जोत्यावर उभं राहून "इथे राजवाडा होता" म्हणतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. डेहिओसाहेबांचं खरं असेल, पण आठ वर्षांच्या पोराला जोतं कसं समजावू?

धुकं

@गडवाट, मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे. तुमचा प्रश्न आमच्या वर्गातही येतो. २०२५च्या जुलैमध्ये आपले १२ किल्ले मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारशात गेले, त्यात रायगडही आहे. आता तर नवं बांधकाम आणखी जपून करावं लागेल. पण दाखवायला बांधावंच लागतं असं नाही. लाकडी किंवा कागदी प्रतिकृती पायथ्याशी ठेवता येते, चित्र हातात देता येतं. हायडेलबर्गलाही जुनं चित्र हातात धरून अंगणात उभं राहावं. आणि आठ वर्षांच्या मुलाला जोत्यावर खडूने दारं-खिडक्या आखून द्याव्यात असं... नाही, खडू नको, दोरी! दोरी अंथरून द्या. मुलं खोल्या करतात, आत जातात, बाहेर येतात. मी शिबिरात करून पाहिलंय.

गडवाट

दोरीची कल्पना उचलली. येत्या शिबिरात करतो आणि इथे कळवतो.

चकली

मी पिंपाबद्दल कोणीतरी लिहील म्हणून थांबले होते! किल्ल्याच्या तळघरात १७५१चं लाकडी पिंप आहे, सुमारे २ लाख २० हजार लिटर वाइन मावेल एवढं. १३० ओकची झाडं लागली म्हणतात. शेतकऱ्यांकडून कर म्हणून वाइनच यायची, ती सगळी एकात ओतायची, म्हणजे चव कशी असेल ते समजून घ्या. माथ्यावर नाचायची जागा आहे. समोर पेर्केओ या बुटक्या दरबारी विदूषकाचा पुतळा. आणखी घेणार का विचारलं की इटालियनमध्ये "का नको?" म्हणायचा, त्यावरून नाव पडलं अशी गोष्ट आहे.

शंकासुर

आमच्या गावच्या पंगतीत जिलबीला हेच उत्तर मिळतं.

माणदेशी

उशिरा आलो, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. हायडेलबर्ग म्हटलं की आमच्यासाठी पहिलं नाव गुंटर सोन्थायमर. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत, जी १९६२ साली सुरू झाली, हा माणूस प्राध्यापक होता. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगरांचं जगणं यावर त्यांनी जन्मभर काम केलं. धनगरांच्या वाड्यांवर राहिले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, जेजुरीच्या यात्रांत फिरले. १९७६ साली या देवांवरचं त्यांचं जर्मन पुस्तक आलं, पुढे इंग्रजीत गेलं. १९९२ साली ते वारले.

मी मेंढरं राखणाऱ्या घरातला. आजीच्या तोंडच्या ओव्या आम्हाला घरातल्या भांड्यांसारख्या, कोणी त्यांचं कौतुक करेल असं वाटलं नव्हतं. कॉलेजात त्यांचं पुस्तक हाती आलं तेव्हा कळलं की एक जर्मन माणूस आपल्या बिरोबासाठी एवढा चालला. कामानिमित्त जर्मनीला गेलो तेव्हा किल्ल्याआधी त्या संस्थेचा पत्ता शोधला. आता ती फोसश्ट्रासेवरच्या आशिया केंद्रात आहे. ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटं पाहिली. नदीवर आलो आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मोगराताई, बाबांना हे जरूर सांगा.

मोगरा

माणदेशी, बाबांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते उठून आतून चष्मा पुसत आले आणि म्हणाले, पुन्हा वाच.

मुक्काम करायचं ठरलं. तीन रात्री. आता आसपासचं सांगा.

सायंतारा

त्याच नदीकाठावर कवी इक्बालही बसत. १९०७ साली जर्मन शिकायला ते हायडेलबर्गला होते. नेकारकाठच्या संध्याकाळवर त्यांची उर्दू कविता आहे, सगळीकडे पसरत गेलेल्या शांततेची. काठाच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे, इक्बाल-उफर. रात्री नऊनंतर तिथून चाला. मे महिन्यात तोवर उजेड असतो.

नेकारकाठी

आसपासचं, गुडघे धरून लिहितो.

पहिला दिवस गाव आणि किल्ला. किल्ल्यावर सकाळी उघडताच जा. फिलॉसोफेनवेग ही समोरच्या डोंगरावरची वाट सगळे सुचवतील. दृश्य अलौकिक आहे, उतार दक्षिणेकडचा असल्याने तिथल्या छोट्या बागेत लिंबूसुद्धा तगतं. पण पुलावरून जाणारी नागमोडी पायवाट पायऱ्यांची आणि दमवणारी आहे. बाबांना ती नको. नॉयेनहाइमकडून डांबरी वाट आहे, तिचाही सुरुवातीचा चढ चांगलाच उभा. त्याऐवजी डोंगररेल्वेने केनिगश्टूल डोंगरावर जा, ५६८ मीटर. वरच्या टप्प्यावरचे लाकडी डबे १९०७चे आहेत, बाबांना आवडतील.

दुसरा दिवस बोटीचा. नेकारश्टाइनाखपर्यंत साधारण दीड तास. एका गावावर चार किल्ले, एका ओळीत डोंगरावर. चढायची गरज नाही, बोटीतून सगळे दिसतात. समोर डिल्सबर्ग. येताना लोकलने वीसेक मिनिटांत परत.

तिसरा दिवस श्पायर. तिथलं कॅथेड्रल चुकवू नका. अकराव्या शतकातलं, तळघरात सम्राट आणि राजे मिळून आठ जण पुरलेले. त्याच्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर ज्यूंचं मध्ययुगीन स्नानकुंड. बाराव्या शतकातलं, जमिनीखाली पायऱ्या उतरत भूजलापर्यंत जातं. आपली बारव आठवते. श्पायर, वर्म्स आणि माइंत्स इथली ज्यू स्मारकं २०२१ साली जागतिक वारशात गेली.

प्रवासिनी

श्पायरच्या कुंडाच्या पायऱ्या ओल्या असतात, कठड्याला धरून उतरा.

श्वेत्सिंगेन राहिलं की! राजवाड्याची बाग, पूर्ण सपाट, जागोजागी बाकं. आईंसाठी उत्तम. बागेत अठराव्या शतकात बांधलेली मशीद आहे, नमाजासाठी नव्हे, शोभेसाठी. १७६३ साली सात वर्षांचा मोझार्ट तिथे वाजवून गेला. आणि बागेबाहेर चौकात श्पार्गेल.

दख्खनचा_वारा

मशिदीच्या आतल्या भिंतींवरची वचनं वाचत थांबा, अरबी आणि जर्मन दोन्हींत आहेत. या बाबतीत मी पूर्ण सहमत, श्वेत्सिंगेनला अर्धा दिवस कमीच पडतो.

धुकं

जरा अवांतर, पण कोणी बेर्था बेंत्सचं नाव घेतलं नाही म्हणून. १८८८च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेली मोटारगाडी काढून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. शंभर किलोमीटरच्या वर. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास. इंधन संपलं तेव्हा वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रोइन विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. गाडी चालते यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून हे केलं. ते दुकान आजही आहे, वाल्डोर्फच्या शेजारीच.

शंकासुर

माहेरची ओढ मोटारीपेक्षा जुनी, हे सिद्ध झालं.

नेकारकाठी

@धुकं, वीस्लोखच्या त्या दुकानासमोरून मी आठवड्यातून तीनदा जातो. आज मुद्दाम थांबून पाहिलं.

मोगरा

मंडळी, काल परतलो. सगळ्यांचे आभार मानायला आणि माझ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला आलेय.

अर्धा दिवस पुरत नाही. आम्हाला तीन रात्रीही कमी पडल्या.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला किल्ल्यावर होतो. अंगणात आमच्याशिवाय झाडणारा एक माणूस आणि एक शाळेची तुकडी. सदाशिवकाकांनी सांगितल्याप्रमाणे बाबा मधोमध उभे राहिले. आधी फ्रीडरिशकडे बघितलं, मग वळून ओट्टहाइनरिशकडे. मग बाकावर बसले आणि पाऊण तास उठले नाहीत. मी पिंप बघून आले, आई औषधांच्या संग्रहालयात सुंठ, मिरी, हळद शोधून आली, तरी ते तिथेच. परत निघताना खंदकात टेकलेल्या भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, "छप्पर घालायचं नाही हे ठरवायलासुद्धा धाडस लागलं असेल." गडवाट, ते तुमच्या बाजूचे होते, रात्री जेवताना मात्र अर्धे-अर्धे झाले. अजून वाद चालू आहे, तुम्हाला पत्र लिहिणार म्हणतायत.

आईला श्वेत्सिंगेन सगळ्यात आवडलं. श्पार्गेल खाऊन म्हणाली, शेवग्याच्या शेंगेसारखी गोडी आहे, फक्त चोथा नाही. 'ओने आय' तिने स्वतः सांगितलं, वाढणाऱ्या मुलीने हसून मान डोलावली.

श्पायरच्या कुंडात बाबा उतरले नाहीत, वरूनच पाहिलं. गुडघ्यांना जपून केलं सगळं.

पुलावरच्या ब्राँझच्या माकडाचं कोणी लिहिलं नव्हतं. त्याच्या हातात आरसा आहे, आरशाला हात लावला तर पैसा येतो आणि त्याच्या बोटांना लावला तर माणूस हायडेलबर्गला परत येतो म्हणतात. बाबांनी आरशाकडे पाहिलंही नाही.

सदाशिवकाका

मोगराताई, डोळे भरून आले. बाबांना माझा नमस्कार सांगा. मी १९८४ साली होतो तेव्हा त्या माकडाला पाचच वर्षं झाली होती, १९७९चं ते. मीही बोटांनाच हात लावला होता. अजून जाणं झालेलं नाही.

माणदेशी

काका, पुढच्या वर्षी सप्टेंबरात मला परत जायचंय. बरोबर चला. किल्ल्यावर रोषणाई असते तेव्हा, पडलेल्या दिवसांची आठवण म्हणून आधी सगळा किल्ला आगीसारखा लाल उजळतात. तुम्ही जर्मन बोला, प्रवासाचं बाकी सगळं मी बघतो.

सदाशिवकाका

पासपोर्टची मुदत तपासतो.